दुपारचा नाला: छत्रूच्या पुढे अडकलेल्या गाडीचं प्रकरण

(संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नावं वगळली आहेत, गाडीचं मॉडेल आणि एक-दोन तपशील मोघम ठेवले आहेत.)

पार्श्वभूमी

हिमाचलमधला मनाली ते काझा (स्पिती खोऱ्यातलं गाव) हा रस्ता नकाशावर दोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर दिसतो आणि पुण्याहून निघणारे तिथेच फसतात. दोनशे किलोमीटर म्हणजे आपल्याकडे दुपारच्या जेवणाआधीचा प्रवास. ऑक्टोबर 2020 मध्ये 9.02 किमीचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा चढ टळला, त्यामुळे पहिला टप्पा आणखीच सोपा वाटतो. बोगद्याच्या उत्तर तोंडातून बाहेर पडल्यावर डावीकडे सिस्सू-केलांग-लेह आणि उजवीकडे कोकसर. कोकसरनंतर ग्रामफू आलं की डांबर विसरायचं. ग्रामफू ते छत्रू साधारण 17 किमी, तिथून बातल तीस-बत्तीस, मग साडेचार हजार मीटरवरची कुंझुम खिंड आणि पलीकडे लोसर. ग्रामफू ते बातल या पन्नासेक किलोमीटरला चार-पाच तास धरावेच लागतात, कारण रस्ता म्हणजे चंद्रा नदीच्या काठाने गोट्यांवरून गेलेली वाट असते आणि दर काही किलोमीटरवर वरच्या हिमनदीचा एखादा नाला ती वाट आडवी कापतो. पूल सगळीकडे नाही. नाला थेट रस्त्यावरून वाहतो.

त्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दोन गाड्या मनालीहून निघाल्या. पुढची शिडी-चॅसीची (खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा असलेली) 2.2 लिटर डिझेल फोर-बाय-फोर एसयूव्ही. सामानासह वजन दोन टनांच्या आसपास, माहितीपत्रकात पाण्यातून जाण्याची क्षमता 650 मिमी. गाडीत चालक, त्याची बायको आणि मेव्हणा. मागची जुनी पेट्रोल जिप्सी, वजन जेमतेम एक टन. पुढे 8,000 पौंडांची (साधारण 3,600 किलो) इलेक्ट्रिक विंच (मोटरने दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) आणि तिच्यावर 28 मीटर सिंथेटिक दोर. ती चालवत होते एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले मेकॅनिक, ज्यांना सगळे काका म्हणत होते. सोबत त्यांचा पुतण्या. दोन्ही गाड्यांत एकेक वॉकी-टॉकी. त्या वेळी कोकसरच्या पुढे मोबाइल नेटवर्क नव्हतं.

ठरलं होतं सकाळी 5 ला निघायचं. प्रत्यक्षात जिप्सीच्या मागच्या चाकात खिळा निघाला. बाहेरून प्लग मारायला पंधरा मिनिटं पुरली असती, पण ट्यूब घातलेलं चाक होतं, त्यामुळे टायर रिमवरून उतरवणं आलं आणि दुकान उघडेपर्यंत थांबणंही आलं. मग डिझेल, मग नाश्ता. मनाली सुटली 9:40 ला. बोगद्यापलीकडे फोटो, कोकसरला राजमा-चावल. छत्रूला पोहोचले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते.

अडचण

छत्रूपासून सात-आठ किलोमीटरवरचा नाला 3:20 ला समोर आला. रुंदी तेरा-चौदा मीटर, पाणी राखाडी आणि गढूळ, आवाज मोठा.

उन्हाळ्यात या नाल्यांचं वेळापत्रक सूर्य ठरवतो. सकाळी ऊन वरच्या बर्फावर पडतं, वितळ दुपारपर्यंत वाढत जाते आणि ते पाणी रस्त्यापर्यंत उतरायला काही तास घेतं. त्यामुळे अशा आखूड नाल्यांना दुपारी 3 ते संध्याकाळी 6-7 या काळात सर्वांत जास्त पाणी असतं आणि पहाटे 5 ते 7 मध्ये सर्वांत कमी. वर रात्री पाऊस पडला तर हा हिशेब मोडतो, एरवी तो चुकत नाही. सकाळी घोटा बुडवणारा नाला दुपारी मांडीला लागतो, हे तिथल्या कुठल्याही ढाब्यावर ऐकायला मिळतं. या मंडळींनी ते छत्रूला चहा पिताना ऐकलंही होतं.

नाल्यावर पोहोचल्यावर चालकाला तीन गोष्टी दिसल्या आणि तिन्हींचा अर्थ त्याने उलटा लावला.

पहिली, समोरून आलेला ट्रक. तो त्यांच्या डोळ्यांदेखत आरामात अलीकडे आला. मात्र ट्रकचं चाक उंचीला मीटरभराच्या वर असतं. पाणी त्याच्या निम्म्या चाकापर्यंत आलं तर तो काहीच त्रास न होता जातो. तेच पाणी एसयूव्हीच्या दाराच्या उंबरठ्यावर येतं. शिवाय भरलेला ट्रक गेला की त्याची चाकं गोटे हलवतात आणि जिथे मघाशी सपाटी होती तिथे खड्डा होतो. ट्रक गेला म्हणून वाट सिद्ध होत नाही, उलट बदललेली असते.

दुसरी, पाण्याचा रंग. खालच्या बाजूला पाणी फेसाळत, आदळत होतं. वरच्या बाजूला मात्र गुळगुळीत, काळसर पट्टा होता. चालकाने गुळगुळीत पट्टा निवडला. फेस येतो तो पाणी उथळ असून खालच्या दगडांवर आपटतं म्हणून. वेगाने वाहणारं पाणी गुळगुळीत दिसतं तेव्हा ते दगडांना न शिवता वरून जात असतं, म्हणजे तिथे खोली आहे.

तिसरी, पलीकडच्या काठावर उभी असलेली पिकअप. काझाकडून आलेली, हिमाचलची नंबर प्लेट. तिचा चालक दगडावर बसून निवांत बिडी ओढत होता. या मंडळींना वाटलं, विश्रांती घेतोय. तो पाणी उतरायची वाट बघत होता.

समोरचे पर्याय

काठावर दहा मिनिटं चर्चा झाली. चार पर्याय निघाले.

परत छत्रूला जाऊन मुक्काम करणं. छत्रूची उंची 3,300 मीटरच्या आसपास, लोसर चार हजारांवर. चालकाच्या बायकोचं डोकं ग्रामफूपासून दुखत होतं. मनालीहून (2,000 मीटर) एका दिवसात चार हजारांवर झोपायला जाण्यापेक्षा छत्रूचा मुक्काम तिच्यासाठीही चांगला होता. हा मुद्दा मात्र कुणी काढलाच नाही. उलट “लवकर लोसर गाठू, तिथे आराम मिळेल” असं म्हटलं गेलं. लोसरच्या होमस्टेचे अडीच हजार रुपये आगाऊ दिले होते आणि ते वाया जातील, हे दोनदा बोलून झालं.

नाल्याच्या अलीकडे उंचवट्यावर तंबू टाकणं. सामान होतं, पण दरडीची भीती होती. नाल्याच्या तोंडाशी झोपू नये हे बरोबरच आहे.

जिप्सी आधी घालणं. काकांनी नकार दिला. हलकी गाडी प्रवाहात आधी सरकते, आणि विंच असलेली गाडी नेहमी कोरड्यावर असावी, ही त्यांची दोन्ही कारणं पक्की होती. पुढे सगळं निभावलं ते याच एका निर्णयावर.

एसयूव्हीने एकटीने जाणं, जिप्सीने काठावर थांबणं. हेच ठरलं.

पाचवा पर्याय होता, तो कुणाच्या डोक्यात आला नाही: अर्धा तास नुसतं बघणं. पाण्याच्या कडेला बरोबर रेषेवर एक दगड ठेवायचा आणि वीस मिनिटांनी परत पाहायचा. दगड बुडला तर पाणी चढतंय, कोरडा राहिला तर उतरतंय. साडेतीनला हे केलं असतं तर उत्तर स्पष्ट मिळालं असतं.

चालत जाऊन तळ तपासणंही झालं नाही. मेव्हणा बूट काढून दोन पावलं आत गेला आणि गारठून परत आला. ज्या नाल्यातून माणसाला काठीच्या आधाराने चालत जाता येत नाही त्यातून गाडी घालायची नाही, हा नियम या मुलखात सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत जास्त मोडला जाणारा. (काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोवायची, तोंड प्रवाहाकडे, एका वेळी एकच पाय उचलायचा, आणि कमरेला दोर बांधायचा नाही. पाय निसटला तर बांधलेला दोर माणसाला पाण्याखाली दाबून धरतो.)

काय झालं

3:35 ला एसयूव्ही फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारी स्थिती), दुसऱ्या गिअरमध्ये पाण्यात उतरली. गिअर ठीक होता, एसी बंद होता, दोन्ही पुढच्या काचा खाली होत्या. टायरमध्ये मात्र 32 पीएसआय हवा तशीच होती. गोट्यांवर पकड यायला ती बावीस-चोवीसवर आणायला हवी होती.

सात-आठ मीटर नीट गेले. मग पुढचं डावं चाक एका धोंड्यावरून पलीकडे उतरलं आणि उतरतच गेलं. बॉनेटची डावी बाजू पाण्याखाली गेली, दोन सेकंदांत इंजिन खोकून बंद पडलं.

माहितीपत्रकातला 650 चा आकडा सपाट तळ, संथ पाणी आणि हळू वेग धरून दिलेला असतो. गाडी समतल असताना पाणी साठ सेंटिमीटर होतं. नाक चाळीस सेंटिमीटर खाली गेलं की हवा खेचणाऱ्या पाइपच्या तोंडासाठी तेच पाणी मीटरभर झालं.

त्या पाण्याचं आत काय होतं, हे आकड्यांत पाहिलं की पुढचं सगळं कळतं. 2.2 लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे एका सिलिंडरला 550 सीसी. कॉम्प्रेशन 16 ला 1 धरलं तर पिस्टन वर पोहोचतो तेव्हा त्याच्या डोक्यावर उरते जेमतेम 37 सीसी जागा. पोहे खायच्या चमच्याने मोजले तर अडीच चमचे. एवढ्याहून जास्त पाणी सिलिंडरमध्ये असेल तर पिस्टन वर जाऊच शकत नाही, कारण पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला इंजिनाच्या मुख्य दांड्याशी (क्रँकशी) जोडणारा दांडा. यालाच हायड्रोलॉक म्हणतात.

म्हणून पाण्यात बंद पडलेल्या इंजिनाची किल्ली फिरवायची नसते. चालकाला हे माहीत होतं. तरी हात गेला. स्टार्टरने “टक्” केलं आणि तिथेच अडला. वॉकी-टॉकीवर काकांचा आवाज आला, “किल्लीला हात लावू नकोस! न्यूट्रल कर आणि मागच्या दाराने बाहेर ये.”

बाहेर कसं यायचं हेही महत्त्वाचं होतं. नाक खाली असल्यामुळे पुढे पाणी दारांच्या निम्म्यावर होतं, तर मागे गुडघ्याएवढं. बाजूचं दार उघडलं असतं तर प्रवाह थेट आत शिरला असता. तिघे सामानावरून रांगत मागच्या दाराने उतरले आणि एकमेकांना धरून काठावर आले. पावणेचार वाजले होते.

पाणी अजून चढत होतं. आता काकांनी कडेला दगड ठेवला. पंधरा मिनिटांत पाणी त्याच्यावर चार बोटं चढलं. याचा अर्थ काय? एसयूव्हीचा तळ साधारण तीन मीटर बाय दीड मीटर धरला, तर तळाच्या वर चढणारं दर दहा सेंटिमीटर पाणी गाडीला साडेचारशे किलोने वर उचलतं. आत पाणी झिरपत असल्याने प्रत्यक्षात थोडं कमी. दोन टनांची गाडी तरंगायला फार पाणी लागत नाही, आणि तरंगण्याच्या कितीतरी आधी चाकांवरचा भार कमी होऊन ती सरकू लागते. वेगाचंही तसंच: प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. हातात तासभर होता, फार तर दीड.

पहिली ओढ आणि ती का फसली

पुढे ओढणं शक्य नव्हतं. पलीकडे गाडी बांधण्यासारखं काही नव्हतं आणि मधे तो खड्डा होता. ज्या वाटेने आत गेलो त्याच वाटेने बाहेर, हेच बरोबर.

मेव्हण्याने दोर मागच्या टो-बॉलला अडकवायला घेतला. काकांनी थांबवलं. कॅरॅव्हॅन ओढायचा तो गोळा धक्क्याच्या ओढीसाठी नसतो. तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा येतो. दोर चॅसीला बोल्टने बसवलेल्या हुकलाच लागला पाहिजे. हुक दोन होते, म्हणून तीन मीटरच्या पट्ट्याचं एक टोक एकाला, दुसरं दुसऱ्याला, आणि मधे शॅकल (पिन घालून बंद करायची लोखंडी कडी). पट्ट्याच्या दोन फाट्यांमधला कोन अरुंद ठेवायचा, साठ अंशांच्या आत. कोन रुंदावला की प्रत्येक फाट्यावरचा ताण वाढतो.

हे काम पुतण्याने आणि मेव्हण्याने आळीपाळीने केलं. बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटांत पाय बधिर होतात आणि बोटं शॅकलची पिन धरत नाहीत, म्हणून काकांनी घड्याळ लावून दर तीन मिनिटांनी माणूस बाहेर काढला. कोरडे मोजे आणि चहाचा थर्मास काठावर तयार होता. ही शिस्त नसती तर गाडीआधी माणूस वाचवावा लागला असता.

4:25 ला पहिली ओढ दिली, सरळ एकेरी दोराने. एसयूव्ही जागची हलली नाही. जिप्सीच हँडब्रेक आणि पहिल्या गिअरसकट चार फूट पाण्याकडे घसरली. हे होणारच होतं. एक टनाच्या गाडीने दोन टनांची, दगडाला नाक टेकलेली गाडी ओढायची म्हणजे विंच ताकदवान असून उपयोग नाही, मागे धरून ठेवणारं काहीतरी हवं. दुसरं कारण विंचच्या ढोलात, म्हणजे दोर गुंडाळला जातो त्या रिळात, होतं. 3,600 किलोचा आकडा ढोलावर दोराचा फक्त एकच थर उरतो तेव्हाचा. दोर जेमतेम अकरा मीटर सोडला होता, ढोलावर तीन-चार थर शिल्लक होते, आणि वरच्या थरावरून ओढताना ताकद तीसेक टक्क्यांनी किंवा जास्तच कमी होते.

दुसरी ओढ

यावर काकांनी केलेली मांडणी नीट बघण्यासारखी आहे.

जिप्सीच्या मागे रिक्षाएवढा धोंडा होता. त्याच्याभोवती रुंद पट्टा फिरवून जिप्सीचा मागचा हुक त्याला बांधला. चारही चाकांपुढे दगड लावले. मग विंचचा दोर एसयूव्हीच्या मागे शॅकलला लावलेल्या स्नॅच ब्लॉकमधून, म्हणजे कप्पीतून, वळवून परत काठावर आणला. इथे बहुतेक जण दोराचं टोक विंच असलेल्या गाडीच्याच पुढच्या हुकला लावतात. तसं केलं तर एसयूव्हीला दुप्पट ओढ मिळते, पण जिप्सीवरही दोन्ही दोरांचा मिळून तेवढाच ताण येतो. काकांनी टोक जिप्सीला न लावता शेजारच्या दुसऱ्या धोंड्याला पट्ट्याने बांधलं. आता एसयूव्हीला ओढ दुप्पट आणि जिप्सीवर ताण एकाच दोराचा.

दुहेरी दोराचा आणखी एक फायदा आपोआप मिळाला. अकरा मीटर जाऊन अकरा मीटर परत, म्हणजे बावीस मीटर दोर बाहेर. ढोलावर जवळजवळ शेवटचा थर उरला, म्हणजे विंचची पूर्ण ताकद. 28 मीटर दोरातून ढोलावर आठेक वेढे कायम ठेवावे लागतात (सिंथेटिक दोर कमी वेढ्यांवर ढोलावरून सुटतो), त्यामुळे तेरा मीटरच्या पलीकडे ही युक्ती चालली नसती. गाडी आणखी दोन-तीन मीटर पुढे अडकली असती तर पट्टे जोडून दोर वाढवावा लागला असता.

एसयूव्हीत कुणी बसलं नाही. गिअर आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. किल्ली फक्त स्टिअरिंगचं कुलूप सुटेल इतकीच फिरवलेली, चाकं सरळ, आणि स्टिअरिंग सीटबेल्टने बांधलेलं. दोरावर मधे ओलं जाजम टाकलं, म्हणजे तुटला तरी उसळणार नाही. सगळ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, बाजूला उभं केलं. जिप्सीचं इंजिन चालू ठेवून दीड-दोन हजार आरपीएमवर धरलं, कारण विंच बॅटरी खाते. पंधरा-वीस सेकंद ओढ, मग मोटर थंड होईपर्यंत थांबा, परत ओढ.

तिसऱ्या ओढीला पुढचं चाक धोंड्यावर चढलं, पाचवीला गाडी मोकळी झाली. 5:05 ला ती काठावर होती, दारांमधून पाणी गळत. पलीकडे पिकअपवाल्याने हात उंचावला आणि पुन्हा बसला.

रात्र आणि दुसरी सकाळ

बंद एसयूव्ही जिप्सीने ओढत छत्रूला न्यायची सूचना आली. ती फेटाळली ते योग्य केलं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला व्हॅक्यूमची मदत नाही, दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगड होतं. आणि उतारावर दोन टनांची गाडी एक टनाच्या गाडीला ढकलत नेते. त्यांनी ती विंचने नाल्याच्या पात्रापासून चाळीस मीटर दूर उंचवट्यावर नेली, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, चाकांना दगड लावले आणि पाचही जण जिप्सीतून छत्रूला गेले. रात्रीत डोकेदुखीही उतरली.

सकाळी साडेसहाला परत आले तेव्हा नाल्यात घोट्याच्या थोडं वर पाणी होतं. पिकअप गेलेली होती. अलीकडच्या काठावर तिच्या चाकांच्या ओल्या खुणा होत्या.

काकांनी क्रमाने काम घेतलं. एअर फिल्टरचं झाकण उघडलं: कागद लगदा झालेला, तळाशी पाणी. इंटरकूलरचा (इंजिनात जाणारी हवा गार करणाऱ्या जाळीचा) खालचा पाइप सोडला: त्यातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी पडलं. हा पाइप लोक विसरतात. फिल्टर बदलून इंजिन चालू करतात आणि इंटरकूलरमधलं पाणी पुन्हा आत जातं. मग ऑइल. गाडी तेरा-चौदा तास उभी होती, म्हणजे ऑइलमध्ये पाणी असेल तर ते जड असल्याने सम्पच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) तळाशी बसलेलं असणार. डिपस्टिक स्वच्छ दिसली तरी भरवसा ठेवायचा नाही. सम्पचा बोल्ट अर्धा फेरा सैल करून पहिले थेंब तळहातावर घ्यायचे. थेंब काळे, स्वच्छ ऑइलचे होते.

यानंतर चारही ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिनाचे सिलिंडर तापवणारे) काढले. सावकाश, भेदक ऑइल मारून आणि थोडं मागे-पुढे करत, कारण ग्लो प्लग मोडला तर हेड उतरवावं लागतं. इंजेक्टरचे कनेक्टर सोडले, म्हणजे डिझेल फवारणार नाही. क्रँकच्या पुलीला सॉकेट लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं. पहिल्या फेऱ्यात दुसऱ्या सिलिंडरच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडाली. हाताला कुठे अडकलं नाही, तेव्हा बॅटरी जोडून स्टार्टर पाच-पाच सेकंद चारदा. भोकांतून आधी धुकं, मग कोरडी हवा. प्लग बसवले, जादा ठेवलेला नवा फिल्टर घातला आणि 9:50 ला इंजिन चालू झालं. पाच मिनिटं पांढरा धूर, मग साफ.

मागच्या ॲक्सलचं ऑइल दुधाळ निघालं, कॉफीसारखं. गरम ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या (आतल्या हवेला ये-जा करू देणाऱ्या) नळीतून पाणी ओढते. गिअर ऑइल दोन लिटर सोबत होतं, ते बदललं. त्यानंतर काझा रद्द. गाडी हळूहळू मनालीला परत.

परिणाम

इंजिन सुरळीत वाटत होतं आणि चालकाला तसंच घरी जायचं होतं. काकांनी मनालीत कॉम्प्रेशन तपासायला लावलं. तीन सिलिंडर 27-28 बार, दुसरा 23. स्टार्टरचा आवाजही लयीत नव्हता, दर चौथ्या ठोक्याला हलका पडत होता. रॉड किंचित वाकला की पिस्टन पूर्वीइतका वर पोहोचत नाही आणि दाब घटतो. असा रॉड हजार किलोमीटर चालतो, दोन हजार चालतो, आणि मग एखाद्या दिवशी मोडून ब्लॉक फोडून बाहेर येतो. गाडी ट्रकवर चढवून पुण्याला आणली. इंजिन उघडल्यावर दुसरा रॉड वाकलेलाच निघाला. ब्लॉक आणि क्रँक वाचले होते.

विम्याने प्रश्न विचारला तो एकच: पाण्यात बंद पडल्यावर किल्ली फिरवली होती का? साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पाणी शिरून झालेलं इंजिनाचं नुकसान परिणामी नुकसान मानून वगळतात. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते, आणि ती असली तरी किल्ली फिरवल्याचं निष्पन्न झालं तर दावा अडू शकतो. या गाडीला ती जोड नव्हतीच, त्यामुळे खर्च खिशातून झाला. रॉड बंद पडताना वाकला की त्या एका “टक्”ला, हे सांगता येत नाही. इंजिन भाराखाली बंद पडलं तेव्हाच वाकला असण्याची शक्यता मोठी, पण चालक अजून ते मानत नाही. तो त्या टक्लाच दोष देतो.

काय वेगळं करता आलं असतं

नाल्यावरचा निर्णय चुकला, पण त्या निर्णयाची वेळ सकाळीच ठरली होती. 9:40 ला मनाली सोडणाऱ्याला हे नाले दुपारी तीननंतरच भेटणार. पंक्चर निघालं तेव्हाच त्या दिवसाचा मुक्काम लोसरऐवजी छत्रू किंवा सरळ सिस्सू करायला हवा होता. आदल्या संध्याकाळी टायर तपासले असते तर पंक्चरही आधीच सापडलं असतं.

अडीच हजारांचं बुकिंग रद्द करणं सोपं करून ठेवावं. या मार्गावरच्या होमस्टेवाल्यांना उशीर नवीन नसतो, बहुतेक जण तारीख पुढे ढकलून देतात. विचारायचं मात्र नेटवर्क असताना, म्हणजे त्या वेळी कोकसरच्या अलीकडे.

समजा जायचंच होतं, तर फेसाळ उथळ भागातून, प्रवाहाच्या दिशेने किंचित तिरकं, टायरची हवा कमी करून, बॉनेटच्या पुढून ताडपत्री बांधून, आणि आत उतरण्याआधीच मागच्या हुकला दोर लावून जायला हवं होतं. तो दोर आधी लावला असता तर पाण्यातली पाऊण तासाची धडपड वाचली असती. स्नॉर्केल (इंजिनासाठी छताच्या उंचीवरून हवा घेणारी नळी) असतं तर इंजिन वाचलं असतं हे खरं. पण स्नॉर्केल बसवताना एअर बॉक्सच्या तळाचं पाणी जायचं भोक आणि सगळे जोड बंद केले नाहीत तर ते निव्वळ शोभेचं राहतं, आणि तरंगून वाहून जाण्यावर त्याचा काही उपाय नाही.

पुढच्या हंगामात याच मंडळींनी दोन्ही गाड्यांच्या ॲक्सल ब्रीदरच्या नळ्या बॉनेटपर्यंत वर नेल्या, सामानात दुसरा स्नॅच ब्लॉक आणि आणखी दोन पट्टे घातले. एसयूव्हीच्या पुढच्या बंपरच्या कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाच्या दोन रेघा मारल्या: खालची 40 सेंटिमीटरवर, वरची 55 वर. तशाच दोन रेघा पाच फुटी बांबूच्या काठीवर आहेत, आणि वरच्या रेघेपर्यंत काठी भिजली की गाडी वळवायची असं ठरलं आहे.